‘कोवळा प्रकाश’ म्हणावं का? ऊन, उजेड, पडछाया आणि कॅमेरा

मूळ प्रश्न

नमस्कार. मी दर रविवारी शाळेतल्या मुलांना मोबाइलवर छायाचित्रण शिकवते, मराठीतूनच. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ हे शब्द मुलं आहेत तसे उचलतात, त्यांचं काही अडत नाही. अडतं ते हार्ड लाइट (रेखीव कडेची सावली पाडणारा) आणि सॉफ्ट लाइट (सावलीची कड विरवणारा) यांच्यापाशी. ‘कठोर प्रकाश’ म्हटलं की मुलं हसतात. सॉफ्टसाठी मी ‘कोवळा’ म्हणायला लागले आणि गेल्या रविवारी फसले. एका मुलीने सकाळी सातच्या उन्हात अंगणात आजीचा फोटो काढून आणला. नाकाची सावली गालावर काळी, तिची कड आखून काढल्यासारखी, आणि आजीचे डोळे किलकिले. मुलगी म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगितलंत ना, कोवळं ऊन घ्या म्हणून.” तिचं काहीच चुकलं नव्हतं, माझा शब्द चुकला होता. मग काय म्हणावं?

प्रतिसाद १

ताई, ‘कोवळं’ हा शब्द उन्हाचं वय सांगतो, चटका सांगतो. सावलीची कड कशी पडेल, हे तो सांगत नाही. सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. सकाळी सातला तेवढाच आणि भर दुपारीही तेवढाच. एवढ्याशा दिव्याची सावली रेखीवच पडणार. सकाळी हवेच्या जाड थरातून गाळून आल्यामुळे ऊन पिवळसर आणि सौम्य होतं, एवढाच फरक. आभाळ भरून आलं की मात्र सूर्याऐवजी सगळं आभाळच दिवा होतं. उजेड चारी बाजूंनी येतो आणि सावली पुसली जाते.

यासाठी शब्द शोधत बसायची गरज नाही, घरातच आहेत: ऊन आणि उजेड. माझी आई तांदूळ निवडायला बसताना म्हणायची, “ऊन नको बाई, उजेड हवा.” आणि ओसरीत, दारापासून हातभर आत बसायची. तिने कॅमेरा कधी हातात धरला नाही, पण ती जागा चेहऱ्याच्या फोटोसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा होती. मुलांना सांगा: आजीला उन्हातून उठवा आणि उजेडात बसवा.

प्रतिसाद २

ऊन-उजेड ही जोडी फार आवडली, पण ती दिवसाच चालते. रात्री उघड्या बल्बचाही उजेडच, आणि त्याची सावली उन्हासारखीच कडक. मी बरीच वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. आमच्याकडे हार्ड-सॉफ्ट असं फारसं कुणी म्हणत नाही. “छत्री लाव”, “बटर पेपर टाक”, “थर्माकोल धर” असं म्हणतात, म्हणजे दिव्याचा उजेड पसरवून मऊ कर. क्रियापद आलं की काम समजतं.

नवी मुलं एका गोष्टीत हमखास चुकतात. दिवा लांब नेला की उजेड मऊ होतो, असं त्यांना वाटतं. होतं उलटं. तीच छत्री लांब गेली की नवरीच्या चेहऱ्यावरून लहान दिसायला लागते, म्हणजे सावलीला धार येते. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड पावपट उरतो. म्हणून मऊ हवा असेल तर दिवा जवळ घ्यायचा, अगदी चौकटीच्या कडेपर्यंत. आमच्यात त्याला ‘लाइट अंगावर घेणं’ म्हणतात.

प्रतिसाद ३

मी चित्रकला शिकवतो. स्थिरचित्राच्या तासाला आम्ही दोन शब्द वेगळे ठेवतो. वस्तूच्या अंगावरचा काळोखा भाग ती छाया, आणि वस्तूमुळे टेबलावर पडते ती पडछाया. माझ्या मते नाव प्रकाशाला देऊच नका, पडछायेच्या कडेला द्या: रेखीव कड, विरलेली कड. प्रकाश डोळ्यांना चटकन कळत नाही, कड कळते. पांढरं अंडं खिडकीत ठेवून दाखवा, एकदा उन्हात आणि एकदा खिडकीला साधं धोतर लावून.

अवांतर होईल, पण राहवत नाही. ‘छायाचित्र’ हा शब्द चुकीचा आहे, ‘प्रकाशचित्र’ म्हणा, असं काही जण आग्रहाने सांगतात, कारण मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ उजेडाने रेखाटणं. ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ केला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी, १८३९ साली. पण त्याच वर्षी जानेवारीत छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे आपल्या कृतीचा निबंध मांडला, आणि त्यातल्या एका भागाचा मथळाच होता ‘सावली पक्की करण्याची कला’. म्हणजे ही कला जन्मली तेव्हाच तिला उजेडाचं आणि सावलीचं, दोन्ही नावं मिळत होती. शिवाय संस्कृतात छाया म्हणजे प्रतिबिंबही आणि कांतीही. मला ‘छायाचित्र’ मनापासून योग्य वाटतो. उजेडावर ताबा मिळवणं म्हणजे बहुतेक वेळा सावली कुठे पडू द्यायची हे ठरवणंच असतं.

प्रतिसाद ४

कवडसा आणि तिरीप यांत घोळ होतो, तोही इथेच मिटवू या. आमच्या घरी फटीतून येणारी तिरकी रेघ ती तिरीप, आणि जमिनीवर पडतो तो ठिपका कवडसा. फुटक्या कौलाचं भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. भोक तीन मीटर उंच असेल तर कवडसा साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. छपराचं घर हाच मुलांचा पहिला कॅमेरा.

आरशाने भिंतीवर पाडतो तोही कवडसाच. म्हणून चकचकीत रिफ्लेक्टरला (उजेड परतवायच्या फळीला) ‘कवडसा पाडणं’ चालेल. पांढऱ्या थर्माकोलला मात्र नाही. तो कवडसा पाडत नाही, उजेड परत पाठवतो.

प्रतिसाद ५

माझी एक विनंती, ‘सोनेरी तास’ (गोल्डन अवर, म्हणजे सूर्य क्षितिजाजवळ असतानाचा सोनेरी उजेडाचा वेळ) शिकवू नका. आपल्याकडे तो तास नसतोच. सूर्य इथे जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजावर सहा अंशांपासून बुडेपर्यंत अर्धा तासही लागत नाही. त्यानंतर कामाचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटं. परदेशी व्हिडिओ पाहून मुलं निवांत निघतात आणि पोचतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. ‘उन्हं कलली की निघा’ एवढं सांगा. कलती उन्हं, तिन्हीसांज, दिवेलागण, हा क्रम त्यांच्या आज्यांना पाठ आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सरांचं अंडं आज वर्गात केलं. धोतर मिळालं नाही, ओढणी लावली. मुलांना एकच प्रश्न विचारला: कड दिसते का? सातवीतला एक जण म्हणाला, “बाई, उन्हात सावली चिकटवलीय आणि ओढणीत सांडलीय.” आता वर्गात तेच शब्द चालू झालेत, चिकटलेली सावली आणि सांडलेली सावली. मी ते बदलणार नाही.

त्या मुलीने आजीचा फोटो पुन्हा काढला, या वेळी उंबऱ्याच्या आत बसवून. डोळे उघडे आहेत, सुरकुत्या सगळ्या दिसतात आणि एकही बोचत नाही. फक्त मागचं अंगण पार पांढरंफटक झालंय, तपशील काहीच उरला नाही. त्याला मुलं ‘जळालं’ म्हणतात. यासाठी तुमच्याकडे कोणता शब्द आहे?