डेबियन १२ वर किकॅड ६ च का? ८ ची फाईल उघडत नाही

प्रश्न – महापे एमआयडीसी
सहा मशीनवर डेबियन १२ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. ग्राहकाने पाठवलेला सर्किट बोर्ड किकॅड या डिझाईन प्रोग्रॅमच्या ८ मधला; इथलं ६.०.११ तो उघडतच नाही. मेंटेनर (डेबियनसाठी पॅकेज तयार करणारे) इतकी जुनी आवृत्ती धरून का बसलेत? सिडची (डेबियनच्या सतत बदलणाऱ्या, अस्थिर शाखेची) रेपॉझिटरी जोडून नवं टाकू का?

वागळे इस्टेट
सिड अजिबात जोडू नका. किकॅडच्या मागोमाग लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) आणि पायथनही वर खेचले जातात, आणि लिबसी एकदा वर गेली की खाली आणताना सिस्टिम मोडते. त्याऐवजी सोर्सेस लिस्टमध्ये बुकवर्म-बॅकपोर्ट्सची (बुकवर्म म्हणजे डेबियन १२; बॅकपोर्ट्स म्हणजे त्याच्यासाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या) ओळ घाला, 'ॲप्ट अपडेट' करा आणि 'ॲप्ट पॉलिसी किकॅड' पाहा. मूळ डेबियन १२ ची प्रायॉरिटी ५००, बॅकपोर्ट्सची १००. म्हणून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं तर जुनंच येतं. बहुतेक जण इथेच अडकतात. 'डॅश-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स' जोडा आणि त्याच कमांडमध्ये सिम्बॉल्स व फुटप्रिंट्सची (भागांची चिन्हं आणि त्यांचे बोर्डावरचे आराखडे) पॅकेजेसही घ्या, नाहीतर प्रोग्रॅम नवा आणि लायब्ररी जुनी राहते. आवृत्तीच्या शेपटाला 'बीपीओ१२' दिसलं की काम झालं.

ठाणे पूर्व
मेंटेनरना बोल लावणं योग्य नाही. डेबियन १२ चं सॉफ्ट फ्रीझ (नव्या मोठ्या आवृत्त्या घेणं थांबतं तो टप्पा) १२ फेब्रुवारी २०२३ ला लागलं आणि किकॅड ७ त्याच सुमारास आलं, म्हणून ते हुकलं. रिलीजनंतर स्टेबलमध्ये, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत, फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्या जातात. मूळ लेखकांचा त्रासही खराच: कधीच दुरुस्त झालेल्या बगच्या तक्रारी त्यांच्याच दारात येतात. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीन लॉक करणाऱ्या प्रोग्रॅमवरून हाच वाद पेटला. प्रोग्रॅमच 'ही आवृत्ती फार जुनी आहे' असा इशारा दाखवायचा. २०२४ च्या कीपासएक्ससी (पासवर्ड साठवणारा प्रोग्रॅम) वादात मात्र मी लेखकांच्या बाजूने आहे. डेबियनच्या मेंटेनरने पॅकेजचं नाव तेच ठेवून ब्राउझर जोडणी काढली, तर वापरणाऱ्याला कळणार कसं? छाटलेल्या पॅकेजला वेगळं नाव द्यायला हवं होतं.

महापे एमआयडीसी
पॉलिसीत किकॅड ९ दिसलं तर? ग्राहकाला फाईल परत द्यायची आहे.

वागळे इस्टेट
मग थांबा. ९ मध्ये सेव्ह केलेली फाईल ग्राहकाच्या ८ मध्ये उघडणार नाही. गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाईली) पुरत असतील तर ९ चालेल, पण मूळ प्रोजेक्टची प्रत आधी बाजूला ठेवा. प्रोजेक्टच परत द्यायचा असेल तर दोन्हीकडे एकच आवृत्ती ठरवून घ्या, आणि सहाही मशीन एकाच दिवशी बदला.