घरचं डबडं: छळतं, तरी टाकवत नाही. तुमचे अनुभव लिहा

काल रात्री आमच्या डेस्कटॉपने पुन्हा मान टाकली. लांब बीप आणि काळा स्क्रीन. इलाज ठरलेला: झाकण काढा, रॅम उपसा, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, दाबून बसवा. चालू झाला, पण तारीख १ जानेवारी २००२! आणि तारीख मागे गेली की एक वेबसाइट धड उघडत नाही. बायको म्हणते, भंगारात घाला. मी घालत नाही. तुमच्याकडे आहे का असं धूड? का ठेवलंय?

*

ऑगस्ट २००३, ब्लास्टर नावाचा नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस. काही उघडायची गरजच नाही, नेट लावलं की चौकट यायची, साठ सेकंद उलटे मोजायचे आणि मशीन बंद. त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजची दुरुस्ती, महिनाभर आधीच आला होता म्हणे, पण डायलअपवर अपडेट कोण करत बसणार? शेवटी मित्राने सीडीवर आणून दिला. तोच कॅबिनेट अजून आहे, आतलं सगळं बदललंय.

*

आमचं डीटीपीचं काम, घरूनच. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल. जुन्या सगळ्या फायली पेजमेकर ७ मध्ये, युनिकोडच्या आधीच्या फाँटात. नव्या मशीनवर उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. त्यात सॉफ्टवेअरचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचा, ते पोर्ट आता येतं कुठे? म्हणून विंडोज एक्सपीचं जुनं मशीन. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट थांबवून हात वर केले, त्याच आठवड्यात आम्ही नेटची वायर काढली.

तरी व्हायरस येतोच, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून. दिसायला पिवळं फोल्डर, प्रॉपर्टीज बघितल्या तर 'ॲप्लिकेशन'. त्यावर डबलक्लिक केलं की संपलं. मी शिफ्ट दाबून धरूनच पेनड्राइव्ह लावते, म्हणजे आपोआप काही सुरू होत नाही. एकदा घाईत विसरले. मुलीचे वडील समोर खुर्चीत, मुहूर्त आठ दिवसांवर आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. फायली गेल्या नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. ॲट्रिबची कमांड मारून बाहेर काढल्या. तोवर त्यांचे दोन चहा झाले.

*

आईच्या स्पायडर सॉलिटेअरसाठी. फोनवर मध्येच जाहिराती येतात, तिला ते खपत नाही.

*

आमच्याकडे आलेला माणूस म्हणाला, "सी फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही." लावला. बारशाचे फोटो डीमध्येच होते. ती हार्डडिस्क बाळाच्या वाटी-चमच्याशेजारी कपाटात आहे. लेक आता बारावीला आहे.

*

धागाकर्ते, मदरबोर्डवरचा सेल बदला की राव! सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळेल.

*

बदलला. तारीख बरोबर दाखवतोय. आता पंखा घरघरतोय.