स्नेहल मुलाचं नाव की मुलीचं?

गिरगावचा स्नेहल : काल ‘आत्याबाई’ यांनी लिहिलं की, भावाच्या मुलाचं नाव स्नेहल ठेवायचं घाटतंय, हे नाव मुलीचंच, पोराला जन्मभर चिडवतील, कुणीतरी त्यांना समजवा. मीच समजावतो, पण तुम्हाला. मी ४९ वर्षांचा मिशीवाला स्नेहल. चिडवलं का? चिडवलं. सहावीत लेझमीच्या यादीत मुलींमध्ये नाव होतं. विवाह मंडळात नाव नोंदवलं तर पहिल्या महिन्यात चार स्थळं आली, चारही मुलांची. त्यातला एक बँकेत होता, पगार माझ्यापेक्षा बरा. पण काही बिघडलं नाही. ‘स्नेह’ शब्द मुळात पुल्लिंगी. संगीतकार स्नेहल भाटकर कोण होते? आणि गोव्याच्या स्नेहल कवठणकरने २०२४ मध्ये रणजी करंडकात नाबाद ३१४ ठोकले, कश्यप बखलेबरोबर ६०६ धावांची भागी. त्याला ताई म्हणून दाखवा.

आत्याबाई : भाटकरांचं खरं नाव वासुदेव. मुलगी स्नेहलता, तिच्या नावावरून त्यांनी स्नेहल घेतलं. म्हणजे तुमचा साक्षीदार आमच्या बाजूचा निघाला. ३१४ बद्दल अभिनंदन, समोर अरुणाचल प्रदेश होता.

मुलुंडकर : आमच्या सोसायटीत तीन स्नेहल. दोन गुजराती, ते स्नेहलभाई. एक मराठी, त्या स्नेहलताई. पार्सलं सगळी तिसऱ्या मजल्यावर ताईंकडे. परवा त्यांनी वैतागून कुणाचा तरी दाढीचा साबण सरळ वापरायला काढला, भांड्यांना.

वरणभात : गोची मराठीची आहे. इथे ‘आला’ की ‘आली’ ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ऑफिसात पुण्याच्या शाखेतल्या एका स्नेहलशी माझं काम होतं. दोन आठवडे मी ‘स्नेहल येणार का’, ‘स्नेहलचं काय ठरलं’ यावर काढले. मग फोन आला. सर्दी झालेली होती. तरी कळलं नाही.

कागदवाली : नावापेक्षा रकान्याचं बघा. सरकारी कागदांवर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळ, मग आई, मग वडील, मग आडनाव. माझी मोठी २०२१ ची, धाकटा जुलै २०२४ चा. सख्खी भावंडं, कागदावर दोन तऱ्हा. शाळेतल्या बाईंनी विचारलं, “दोघं एकाच घरातली ना?”

मुलुंडकर : हौस सरकारची, रांग आपली. चार शब्दांचं नाव कुठल्या अर्जात मावतं?

कागदवाली : वडिलांचं नाव इतकी वर्षं मावलं. आईचं आलं की लगेच जागा कमी?

मुलुंडकर : मी आईविरुद्ध बोललोच नाही! चौकटी मोजल्या, एवढंच. तुम्हाला भांडायचंच असेल तर भांडा.

कागदवाली : नऊ महिने मी काढले, टाके मला पडले, आणि हे चौकटी मोजतायत. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही दाखल्यावर ठळक नाही. ती गेली तेव्हा वारसाच्या कागदांसाठी ‘मी तिचीच मुलगी’ हे सिद्ध करत हिंडले. कळलं?

मुलुंडकर : बरं. हे ठाऊक नव्हतं. चौकटी मागे घेतो. (अर्ज करणाऱ्याने अक्षर बारीक काढावं.)

गिरगावचा स्नेहल : मंडळी, धागा माझा आहे. आत्याबाई, पर्याय काय सुचवला ते तरी सांगा.

आत्याबाई : तेजस. पण भाऊ-वहिनी हटून बसलेत. आता ऐकाच. भावाचं नाव किरण. वहिनीचं सुहास. कागदवालीताईंच्या हिशेबाने बाळाचं नाव होणार स्नेहल सुहास किरण. यात आई कोण, बाप कोण, बाळ कोण, ओळखा.

वरणभात : 😂 किरण बेदी की किरण मोरे? सुहास जोशी की सुहास पळशीकर?

गिरगावचा स्नेहल : हे कालच सांगायला काय झालं होतं? एवढी मिशी पणाला लावली मी. एक स्नेहल घरात चालतो. तीन-तीन कोडी एका ओळीत घालायची म्हणजे सूड उगवल्यासारखं आहे. तरी नाव मुलीचंच, हे मी मान्य करत नाही.

आत्याबाई : नका करू.

मुलुंडकर : दाखल्यावर नाव घालायला वर्षभर पैसे लागत नाहीत. उगाच घाई कशाला?

आत्याबाई : बारसं रविवारी आहे, घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले. भाऊ म्हणतो स्नेहलच. म्हणू दे. कानात कुर्र करणारी मी आहे, आणि पाठीत गुद्दे पडणार तेही मलाच.