अनुभव धागा: दहावीनंतर हाताला काम लागावं म्हणून

निकाल लागला की गावोगाव तोच प्रश्न: आयटीआय करावं, कंपनीत अप्रेंटिस लागावं, की तालुक्याच्या गॅरेजवर बसावं? पोरं शिकवणाऱ्यांनी, कामावर घेणाऱ्यांनी इथं लिहावं. स्वतःची कथा नको. काय करायचं आणि गाडी कुठं अडते, तेवढं सांगा.

निदेशक, आयटीआय, यवतमाळ जिल्हा

इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड (म्हणजे कामाचे अभ्यासक्रम) 2 वर्षांचे. वेल्डर 1 वर्षाचा आणि आठवी पासवर मिळतो. ऑनलाइन अर्ज भरून पोट्टे घरी बसतात. मूळ कागद तपासून अर्ज निश्चित करा, मग पसंतीक्रम भरा, नाहीतर प्रवेशाच्या फेरीत नावच येत नाही. पहिल्या पसंतीला जे टाकाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, सोडलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. म्हणून शेजारचा पोरगा ज्या ट्रेडला आहे तो पहिला टाकू नका. संस्था गावापासून किती लांब, सकाळची एसटी वेळेवर पोचते का, हे आधी पाहा. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी बंदच असते.

सेतू केंद्र, आर्वी

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. तेवढ्यानं सहसा अडत नाही. स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. आधार एप्रिलमध्येच दुरुस्त करून घ्या. जात, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअरचे अर्जही तेव्हाच टाका, जूनमध्ये सगळा तालुका एकदम येतो.

प्रशिक्षण विभाग, बुटीबोरी परिसरातला कारखाना

सगळ्यात महत्त्वाचं: करार. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करार नोंदला नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, नुसती मजुरी. वर्षभर राबूनही प्रमाणपत्र मिळत नाही. रुजू होताना कराराचा क्रमांक मागा आणि त्यात ट्रेड, मुदत, विद्यावेतन नीट वाचा.

1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला दरमहा किमान 7000 रुपये ठरले. केंद्राच्या योजनेतून त्यातले 25 टक्के, पण 1500 च्या वर नाही, थेट पोराच्या खात्यात येतात. म्हणून कंपनीकडून 5500 आले की घरचे म्हणतात, पैसे कापले. उरलेले 1500 वेगळे येतात, तेही खातं आधारशी जोडलेलं असेल तरच. बँकेत जाऊन नुसतं 'लिंक आहे का' विचारू नका. सरकारी अनुदान याच खात्यात येईल का, असं विचारा.

पीएफ, ईएसआय (कामगार विमा) अप्रेंटिसला लागू नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकावर आहे, हे पालकांना माहीत असावं. आणि वर्ष झालं की नोकरी मिळेलच असं कायदा म्हणत नाही. रेल्वेत अप्रेंटिस म्हणून शिकून उत्तीर्ण झालेल्यांना तिथल्या लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. रेल्वेत अप्रेंटिस म्हणून निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, म्हणून ट्रेडचे गुण हलक्यात घेऊ नका.

फॅब्रिकेशन, हिंगणघाट

गेट-ग्रिल जोडणारा पोरगा कंपनीच्या चाचणीत पडतो, कारण त्याचा हात आडव्या जोडावरच बसलेला असतो. कंपनी उभा जोड मारायला लावते. 6 एमएमची प्लेट, 3.15 चा रॉड, 90 ते 130 अँपिअर. उभ्याला खालच्या बाजूचा करंट ठेवा. आर्क रॉडच्या जाडीएवढाच. लांब धरला की थेंब उडतात, बीड (वेल्डिंगची रेघ) पसरतं. स्लॅग (वेल्डवर जमणारा मळ) आत राहतो तो करंट कमी पडल्यानं किंवा पहिल्या थरावर चिपिंग हॅमर, वायर ब्रश न मारल्यानं. पावसाळ्यात रॉडचं उघडं पाकीट ओल धरतं आणि जोडात छिद्रं पडतात. काच 10 नंबरची वापरा. साधा काळा चष्मा लावून काम शिकवणाऱ्याकडे लेकरू ठेवू नका, डोळे जातात.

मोटर वायंडिंग, वरुड

संत्र्याच्या पट्ट्यात बोअर खोल, मोटरी सतत जळतात. पोराला आधी तार गुंडाळायला नका लावू, जळण्याचं कारण शोधायला लावा. एक फेज गेला, मोटर घुमते, करंट वाढतो. जादा करंटला मोटर बंद करणारा रिले चालू नये म्हणून वाकवून ठेवला असेल तर वायंडिंग काळं पडतं. 5 एचपीला पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर, रिले नेमप्लेटवरच्या आकड्याला लावायचा. वायंडिंग झाल्यावर 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) बॉडीशी तपासा. 1 मेगोहमच्या खाली असेल तर पाण्यात सोडू नका.

दुकानात हात बसतो, पण महावितरणच्या विद्युत सहायक पदाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही हवं असेल तर आयटीआय सुटल्यावर संध्याकाळी दुकानात या.

बचत गटांबरोबर काम, गडचिरोली जिल्हा

शाळा सुटून वर्षं झाली असतील तर बँकांच्या आरसेटी (गावातल्या तरुणांना धंदा शिकवणाऱ्या संस्था) पाहा. वय 18 च्या पुढं, राहणं-जेवण फुकट. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, कुक्कुटपालन असे कोर्स असतात. हे नोकरीसाठी नाही, स्वतःच्या धंद्यासाठी आहे. म्हणून जाण्याआधी गावात ते काम कोण करतं, आठवड्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे का, हे मोजून जा. परतल्यावर कर्जाच्या अर्जाला मशीनचं कोटेशन लागतं. दोन दुकानांचं घेऊन ठेवा.