अल्कोहोल-एस्टर मिश्रणे: जोडी कोणती घ्यावी, साधने कोणती?

बालाघाट (लातूर):
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला इथेनॉल आणि इथिल ॲसिटेट यांच्या मिश्रणांची घनता, श्यानता (द्रवाचा दाटपणा) आणि ध्वनिवेग मोजायचा आहे. महाविद्यालयात द्रवातला ध्वनिवेग मोजणारा 2 मेगाहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर आहे. घनता आणि श्यानतेची साधने मात्र 15,000 रुपयांत बसवायची आहेत. कोणती घ्यावीत, आणि ही जोडी योग्य आहे का?

गोदाकाठ (नांदेड):
कंपमान नळीचा डिजिटल घनतामापीच घ्या. आमच्या विभागात तो आल्यापासून पाचव्या दशांशापर्यंत आकडे मिळतात आणि संशोधक विद्यार्थी घनता मोजायच्या बाटल्यांना हातही लावत नाहीत. घनतेत 0.001 ग्रॅम प्रति घन सेंमी एवढी चूक झाली, तर एक्सेस मोलर व्हॉल्यूममध्ये (मिसळल्यावर प्रति मोल आकारमानात होणाऱ्या बदलात) सुमारे 0.1 घन सेंमी प्रति मोल फरक पडतो, आणि या मिश्रणांत मोजायची राशीच मुळी काही दशांशांची असते. निधीचे विभागप्रमुखांशी बोलावे.

प्रयोगशाळा सहायक (परभणी):
ताईंनी 15,000 रुपये सांगितले आहेत, त्यात तो घनतामापी येणार नाही. 10 मिलीची विशिष्ट गुरुत्वाची बाटली आणि 0.1 मिलिग्रॅमचा तराजू यांवर चांगले काम होते, पण तापमान सांभाळले तरच. आमच्याकडे पुरवठादाराने थर्मोस्टॅट म्हणून जो बाथ दिला, त्यात थंड करण्याची सोयच नव्हती, आणि एप्रिलमध्ये खोलीच 38 अंशांवर असताना 25 अंश मिळणार कुठून? म्हणून 313 आणि 318 केल्विन (40 आणि 45 अंश) घ्यावे. श्यानतेसाठी ओस्टवाल्ड विस्कोमीटर (द्रव वाहायला लागणाऱ्या वेळावरून श्यानता देणारी काचनळी) स्वस्तात मिळतो.

रसायनवाचक (छत्रपती संभाजीनगर):
तापमानाच्या मुद्द्याशी सहमत आहे, ओस्टवाल्डशी नाही. त्यात वाहण्याचा वेळ भरलेल्या द्रवाच्या आकारमानावर अवलंबून असतो आणि इथिल ॲसिटेट उडून जाते. उब्बेलोहदे या दुसऱ्या प्रकारच्या विस्कोमीटरला आकारमानाची ती अडचण नसते. मिश्रण वजनानेच करावे, बुचाच्या बाटलीत आधी इथेनॉल आणि मग एस्टर घालावे.

खरा प्रश्न मात्र रेणूंचा आहे. इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतलेले असतात. एस्टर मिसळले की त्या साखळ्या तुटतात. एस्टरच्या कार्बोनिल ऑक्सिजनशी नवे बंध जुळतात, पण ते तुटलेल्यांची पुरती भरपाई करत नाहीत. म्हणून आकारमान किंचित वाढते, मिसळताना उष्णता शोषली जाते आणि श्यानता अपेक्षेपेक्षा कमी येते. दोन्ही द्रवांत 25 अंशांना ध्वनिवेग सेकंदाला सुमारे 1,140 मीटर, जवळपास सारखाच असल्याने केवळ वेगाच्या आलेखावरून निष्कर्ष काढू नये. घनता जोडून समएन्ट्रॉपिक संपीड्यता (ध्वनीच्या दाबाने द्रव किती दबतो ते) काढावी आणि तिचे विचलन पाहावे. इंटरफेरोमीटरवर लागोपाठच्या दोन कमाल स्थानांतील अंतर साधारण 0.285 मिमी असते, म्हणून अशी 20 अंतरे एकत्र मोजून भागावे.

गोदाकाठ (नांदेड):
डायइलेक्ट्रिक मोजमापाशिवाय (द्रव विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते पाहिल्याशिवाय) हायड्रोजन बंधांविषयी बोलणे अपुरे आहे. 25 अंशांना इथेनॉलचा परावैद्युतांक सुमारे 24 आणि इथिल ॲसिटेटचा 6 असतो. हे मोजण्याच्या टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री या पद्धतीवर मराठवाड्यातल्या विद्यापीठांत भरपूर काम झालेले आहे. आणि घनतामापीचा पुन्हा विचार करावा.

तेरणाकाठ (धाराशिव):
जोडीच बदला. शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, शिवाय एस्टर उडते ते वेगळेच. त्याऐवजी 1-ब्युटेनॉल आणि ब्युटिल ॲसिटेट घ्यावे. ते अनुक्रमे 118 आणि 126 अंशांच्या आसपास उकळतात, त्यामुळे उन्हाळ्यातही रचना बदलत नाही. आमच्या मार्गदर्शकांचाही हाच आग्रह असतो.

प्रयोगशाळा सहायक (परभणी):
मीही हेच सुचवणार होतो. ब्युटेनॉलच घ्या, ताई.

बालाघाट (लातूर):
सर्वांचे मनापासून आभार. जोडी मात्र इथेनॉल आणि इथिल ॲसिटेट हीच ठेवत आहे. विभागाकडे परवाना आहे. आमच्या भागातील साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल होते, इथेनॉलपासून हेच एस्टर बनते, आणि दोन्हींचे स्थिरक्वाथी (रचना न बदलता उकळणारे) मिश्रण 71.8 अंशांना उकळत असल्याने साध्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होत नाहीत. त्यामागचे कारण रेणूंच्या पातळीवर समजून घ्यायचे आहे, म्हणून दुसरी जोडी मला नको. 10 मिलीच्या दोन बाटल्या आणि उब्बेलोहदे मागवत आहे. इथेनॉल 3 अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांवर) वाळवून ठेवले आहे. मोजमाप 313 केल्विनला करीन, आणि आधी शुद्ध द्रवांची घनता छापील आकड्यांशी ताडून पाहीन.