यंदा टेकडीवर खड्डे खणण्याआधी गेल्या वर्षीची रोपं मोजा

माळकरी
आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर परवा ठरलं: जुलैच्या पहिल्या रविवारी मागच्या टेकडीवर ५०० रोपं. टी-शर्ट छापायलाही गेले म्हणे. माझा विरोध आहे. बैठकीत बोललो की "तुम्हाला काही चांगलं बघवतच नाही" ऐकावं लागतं, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात २०० लावली होती. मे महिन्यात सकाळी फिरताना मोजली, तर जिवंत ३१. मेलेल्यांतली काही उपटून पाहिली. कित्येकांची पिशवीच फाडलेली नव्हती, मुळं आत गोल गोल फिरून सुकलेली. फेब्रुवारीतल्या वणव्यात गेली ती निराळी. जानेवारीनंतर कॅन घेऊन वर चढणारे आम्ही चौघंच उरलो होतो. फोटोत साठ माणसं आहेत.

दुसरं, टेकडीचा माथा "उजाड" नाही, तो माळ आहे. वीतभर माती, खाली मुरूम, त्यावर कुसळी आणि पवन्या ही गवतं. चंडोल आणि टिटव्या तिथे जमिनीवरच अंडी घालतात. १९८०च्या दशकात पुण्याच्या टेकड्यांवर अशीच "हिरवाई" आणायला गिरिपुष्प लावलं गेलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं ते झाड भराभर वाढलं. आज त्या दाटीत उन्हाळ्यात फिरा. खाली पाचोळा, वर काटक्या, गवताचा पत्ता नाही.

रविवारचा हमाल
त्या चौघांत मीही होतो, म्हणून हक्काने भांडतो. ३१ जगली हे तुम्हाला नापास वाटतं, मला नाही. न लावता किती जगली असती?

आणि माळाचं कौतुक ठीक आहे, पण सातबाऱ्यावर त्याला "पडीक" म्हणतात. रिकामी टेकडी दिसली की आधी राडारोड्याचा डंपर येतो, मग पत्र्याची शेड, मग "इथे पूर्वीपासून रस्ता होता" म्हणणारा. झाड असलं की १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा तरी आडवा येतो. गवत वाचवायला कुठला कायदा दाखवणार? तुमचे चंडोल बांधकामाखाली गेले तर कोण मोजायला जाणार आहे?

बोरूबहाद्दर
टी-शर्ट हिरवे आहेत ना? मग झालं.

मेंढका
मी पुरंदरचा, घरात अजून मेंढरं आहेत. तुम्ही लोक लावता तेव्हा पहिलं काम कुंपणाचं. आमच्याकडे एका माळावर असंच झालं. चर खणले, रोपं लावली, तार ओढली. रोपं दोन उन्हाळ्यांत गेली, तार मात्र अजून आहे. आता मेंढरं डांबरी रस्त्याने वळसा घालून न्यावी लागतात. झाडाला नाही कोण म्हणतंय? ओढ्याकाठी करंज लावा, देवळामागे वड लावा, बांधावर बाभूळ, बोर राहू द्या. माळ तेवढा सोडा.

रविवारचा हमाल
@मेंढका, मग हिवरे बाजारचं काय? तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करूनच डोंगर हिरवा झाला.

मेंढका
झाला की. पण तो निर्णय गावाने ग्रामसभेत घेतला, आणि गवत कापून न्यायची मुभा ठेवली, म्हणून जनावरांना चारा मिळाला. आमच्या माळावर तार ओढली तेव्हा कुणी विचारलं? तुमच्या ग्रुपवर एकतरी मेंढपाळ आहे का?

रोपवाटिकेतली
भांडा निवांत, पण लावणारच असाल तर एवढं करा. पाच फुटी रोप फोटोत छान दिसतं, पण खडकाळ जमिनीत दोन-अडीच फुटी, दणकट रोप लवकर रुजतं. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचे. पावसाळा संपताना आळ्यात गवताचं आच्छादन घाला. डिसेंबरच्या आत भोवती जाळपट्टा (गवत नसलेला मोकळा पट्टा) काढा, नाहीतर वणवा पुन्हा येणारच. किमान तीन उन्हाळे पाणी. आणि दुकानात गुलमोहर स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. उतारावर मेडशिंग, पळस, खैर, मोई हीच खरी इथली.

माळकरी
@रविवारचा हमाल, अतिक्रमणाचा मुद्दा मला खोडता येत नाही. बैठकीत तो कुणी काढला नाही, मीही नाही. पण त्यावर उपाय म्हणून माळाचा माळपणा घालवायचा हे पटत नाही. राडारोडा अडवायला गेटवर माणूस हवा, तर त्याच्या पगाराला टी-शर्टचे पैसे लावू.

बाकी आकड्यांची हौस आपल्या सोसायट्यांपुरती नाही. राज्याच्या मोहिमेचं लक्ष्य २०१६ साली २ कोटी होतं, मग ४, मग १३, आणि २०१९ला ३३ कोटी. दरवर्षी "किती लावली" हेच विचारलं. "किती आहेत" हा प्रश्न फार नंतर आला.

माझं म्हणणं: माथ्यावर एकही नाही. उतारावरच्या ओघळीत ४० रोपं, आणि प्रत्येकामागे एका घराचं नाव, ३ वर्षांसाठी.

रविवारचा हमाल
४० म्हटलं तर नगरसेवक येणार नाहीत.

माळकरी
चालेल की.

रविवारचा हमाल
तुम्हाला चालेल. टँकर त्यांच्याकडून येतो.