मदत हवी आहे : एकाच बाळाला ‘मध्यम’ आणि ‘ग्रेड 1’ अशी दोन निदाने कशी?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला सोलापुरात 27 आठवड्यांतच मुलगी झाली. वजन 940 ग्रॅम होते. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र) आणि शेवटी नाकातली नळी, असे तिला सलग ऑक्सिजनवर ठेवावे लागले. घरी सोडताना कार्डावर ‘मध्यम बीपीडी’, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लाझिया (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार), असे लिहिले होते. गेल्या आठवड्यात दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तेच कागद पाहून ‘ग्रेड 1’, म्हणजे सर्वांत सौम्य पायरी, म्हटले. “दादा, मग बाळाला नक्की आहे तरी काय?” या बहिणीच्या प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

वाचून मला समजले ते असे. 1967 साली या आजाराचे पहिले वर्णन झाले, तेव्हा एक्स-रेतील बदलांना मोठे महत्त्व होते. आता मात्र बाळाला श्वासासाठी किती काळ आणि कोणता आधार लागला यावरच निदान ठरते. 2001 च्या व्याख्येनुसार, 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला किमान 28 दिवस जादा ऑक्सिजन लागला आणि गर्भकाळ धरून 36 आठवडे भरले तेव्हाही तो 30 टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात चालू असला, तर आजार ‘मध्यम’ ठरतो. 2019 च्या व्याख्येत ऑक्सिजनचे प्रमाण पाहतच नाहीत. 36 आठवड्यांना नाकातल्या नळीचा प्रवाह मिनिटाला 2 लिटर किंवा त्याहून कमी असला की ‘ग्रेड 1’. आमच्या मुलीला तेव्हा 25 टक्के ऑक्सिजन, मिनिटाला 1 लिटर चालू होता. म्हणजे तिची अवस्था एकच, मोजपट्ट्या दोन, हे माझे समजणे बरोबर आहे का?

दुसरी शंका मला अधिक छळते. 36 आठवडे भरल्यावर पाचव्याच दिवशी तिची नळी निघाली. ऑक्सिजन हळूहळू कमी करून, साध्या हवेत बाळाचे सॅच्युरेशन टिकते का हे पाहण्याची एक चाचणी असते. तिची नोंद आमच्या कागदांत कुठेही नाही. ती त्याच वेळी केली असती, तर कदाचित ‘मध्यम’ हा शब्द कार्डावर आलाच नसता. रुग्णालयावर आरोप करण्याचा हेतू नाही, तिथल्या सिस्टरांनी तिला रात्रंदिवस जपले आहे. परंतु पुढच्या प्रत्येक डॉक्टरांपुढे हेच कार्ड जाणार आहे.

नवजात विभागात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : पुढील तपासण्या ठरवताना आपण कोणती व्याख्या धरता? आणि आमचे घर पूर्व भागात, यंत्रमागांना लागून आहे. सुताची धूळ दारापर्यंत येते. बाळाला काही महिने दुसरीकडे ठेवावे का?